शंभराव्यांदा ऐकताना

मंडळी, संयोजकांनी मला फोनवर विचारलं, "तुमची ओळख काय करून द्यायची?" मी म्हटलं, प्रेक्षक. त्यांचं समाधान झालं नाही, पण खरंच दुसरं सांगण्यासारखं काही नाही. टीव्ही पाहिला, कॅसेटी ऐकल्या, व्हिडिओ गेम खेळलो, एवढंच माझं भांडवल. तेव्हा आज जे बोलेन ती एका रसिकाची मतं. पटली नाहीत तर नंतर चहा आहेच, तिथे भांडू.

माझी कसोटी एकच. एखादी गोष्ट शंभराव्यांदा समोर आली तर काय होतं? पहिल्यांदा काय, काहीही आवडतं.

पु. लं.ची 'म्हैस' घ्या. कोकणातली एसटी, आडवी आलेली म्हैस आणि खोळंबलेले प्रवासी. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना ती पाठ असेल. पुढचं वाक्य आपण पु. लं.च्या आधी म्हणतो आणि तरीही हसतो. विनोद म्हणजे अनपेक्षित धक्का, असं शाळेत शिकवलं होतं. मग इथे धक्का कुठे उरला?

मला वाटतं, उत्तर पेटीत आहे. हा माणूस पेटी वाजवणारा. 1953 सालच्या 'गुळाचा गणपती'तलं भीमसेनजींचं 'इंद्रायणी काठी' ही त्यांचीच चाल. अशा कानाचा माणूस विनोद सांगत नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून ठेवतो. गाण्यात सम कुठे येणार हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून मान डोलायची थांबते का? उलट ठाऊक असतं म्हणूनच डोलते. शेवटच्या शब्दाआधी ते जे थांबतात ना, तेवढ्या वेळात आमच्या टेपरेकॉर्डरवर नुसती कॅसेटची खरखर ऐकू यायची, आणि त्या खरखरीलाच घरात हसायला सुरुवात व्हायची. पुढे ती कॅसेट टेपमध्ये अडकली. पेन्सिल घालून फीत गुंडाळली, पण एका ठिकाणी ती ताणली गेली ती गेलीच. तिथे पु. ल. जडावलेल्या आवाजात बोलायचे. आजही तो भाग नीट ऐकला की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

आताच्या विनोदाबद्दल थोडक्यात सांगतो. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आमच्याकडे जेवताना लागते. समीर चौघुले मला मनापासून आवडतात, कारण तेही थांबू शकतात. तक्रार फक्त संकलनाची आहे. ते थांबले की कॅमेरा लगेच हसणाऱ्या परीक्षकांकडे वळतो. अहो, सम आमची आहे, आम्हाला घेऊ द्या!

आता माझं सगळ्यात वादग्रस्त मत. नव्वदच्या दशकाअखेरीचं उत्तम मराठी सुगम संगीत अल्बममध्ये नव्हतं, मालिकांच्या शीर्षकगीतांत होतं. भावगीतांच्या कार्यक्रमात मी हे वाक्य उच्चारत नाही. पण 1999 सालची 'आभाळमाया' आठवा. मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. ते सुरू झालं की आई गॅस बारीक करून, पदराला हात पुसत बाहेर यायची. मालिका सुरू व्हायला अवकाश असायचा, पण ती यायची गाण्यासाठी. पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल्स ढिगाने केल्या, 1988 सालच्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची चालही त्यांचीच. ज्याला काही सेकंदांत माणसाला धरून ठेवायची सवय, त्याच्यासाठी मिनिटभराचं शीर्षकगीत म्हणजे मोकळं मैदान. शिवाय ते रोज वाजणार. चाल पाचव्या दिवशी कंटाळवाणी झाली, तर सगळं मुसळ केरात. आता पडद्याच्या कोपऱ्यात गाणं ओलांडून पुढे जायचं बटण असतं. माझा भाचा ते इतक्या सफाईने दाबतो की मालिकेला गाणं होतं हेच त्याला माहीत नसतं.

हाच भाचा मला एकदा म्हणाला, "मामा, तुमच्या जुन्या गेममध्ये नुसतं टुंग टुंग तर वाजतं." ते मात्र मला लागलं.

आमच्या वेळी काळ्या-पिवळ्या डब्यांत मिळणारी गेमची कॅसेट असायची. तिच्यावर 9999 गेम लिहिलेले आणि आत तेच दहा-बारा पुन्हा पुन्हा. चालली नाही की काढून फुंकर मारायची. त्यातला मारिओ 1985 सालचा, सगळा मिळून 40 किलोबाइटचा. आज सकाळी कुणीतरी तुम्हाला पाठवलेला फुलांचा फोटो याच्यापेक्षा मोठा असेल. जागा वाचवायची म्हणून त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. मी वर्षानुवर्षं खेळलो आणि कधी ओळखलं नाही. संगीत कोजी कोंडो यांचं. यंत्रात मोजकेच आवाज, त्यांतच सूर, खर्ज आणि ठेका बसवायचा. उडीच्या आवाजालाही वेगळी जागा नाही. मारिओ उडाला की तो आवाज गाण्यातल्याच एका सुराची जागा घेतो. म्हणजे तेवढ्यापुरता एक वादक वाजवणं थांबवून उडीचा आवाज काढतो आणि पुन्हा वाजवायला लागतो. एकच चाल शेकडो वेळा फिरते आणि माणूस वैतागत नाही. पत्कींचं आणि कोंडोंचं काम मला एकाच घराण्याचं वाटतं.

भाच्याला हे खरं वाटेना. मग संगणकावर तो गेम लावला, आवाज मोठा केला आणि जागेवरच उड्या मारत बसलो. आधी त्याला काही कळेना. मग म्हणाला, "थांब, परत मार." परत मारली. "परत." आम्ही दोघं स्पीकरला कान लावून बसलो होतो. मारिओ एक पाऊलही पुढे गेला नव्हता. गेममधलं उरलेल्या वेळेचं घड्याळ शंभरावर आलं, सगळी चाल दुडक्या लयीत पळायला लागली आणि आतून हिचा आवाज आला, "ते बंद करा आणि पानं घ्या!"