कागदाची नस

(पडद्यावर : पहाट. वाशीचा फळबाजार. गाड्यांतून उतरणारी आंब्याची खोकी.)

मे महिना. वाशीच्या बाजार समितीतला फळबाजार पहाटेपासून जागा आहे. रत्नागिरी-देवगडचा हापूस गाड्यांतून उतरतोय. माथाडी कामगारांच्या डोक्यावरून, खांद्यावरून खोकी गाळ्यात जातात, गाळ्यातून टेम्पोत जातात. दिवस वर येईपर्यंत आंबा निघून गेलेला असतो. मागे उरतो पेंढा, सुतळीचे तुकडे आणि रिकामी खोकी.

आमच्या घरातल्या सगळ्या कलाकुसरीची सुरुवात या रिकाम्या खोक्यांपासून झाली.

वडील याच बाजारात माथाडी होते. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. पुढे मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून इकडे आले, आणि सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेली माथाडी कुटुंबं कोपरखैरणे, घणसोलीत राहायला आली. आमचं त्यांतलंच एक. मोसमात वडील कामावरून येताना दोन-तीन धड खोकी सुतळीने बांधून आणायचे. आई ती उलगडून सपाट करायची, जुन्या चादरीत गुंडाळायची आणि पोटमाळ्यावर सारायची. नवी मुंबईचा पाऊस पुठ्ठ्याला सोडत नाही, एकदा ओल धरली की पुठ्ठा पापडासारखा मऊ पडतो. म्हणून पत्र्याच्या बाजूला नाही, आतल्या भिंतीला लावून ठेवायचा.

तो खाली यायचा थेट श्रावणात. गणपतीच्या मखरासाठी.

(पडद्यावर : बैठ्या घरांवर चढलेले मजले, अरुंद गल्ली, दारात सायकली. एका घरात जमिनीवर पसरलेला पुठ्ठा.)

मी नववीत असताना पहिल्यांदा एकटीने मखर केलं. चार खांब, वर कमान. रंग झाला, सोनेरी कागद लागला, आणि गणपती यायच्या आदल्या रात्री खांब मधूनच वाकले. कमान पाटावर आली. त्या रात्री मी खूप रडले होते. खांब का वाकले ते मला शेजारच्या आजींनी दाखवलं. त्या सातारच्या. शाळेत गेल्या नव्हत्या, पण वस्तू हातात घेतली की तिचं वळण त्यांना कळायचं. त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाकीव बघू. आता आडवा धरून वाकीव. कळलं का? त्याची नस कुठनं जाती ते आदी बघावं गं पोरी."

तीच नस तुम्हाला दाखवायला ही चित्रफीत केली आहे.

(पडद्यावर : पुठ्ठ्याची कडा, अगदी जवळून.)

खोक्याचा पुठ्ठा कडेने बघा. वर एक कागद, खाली एक कागद आणि मध्ये पन्हळी पत्र्यासारखा लाटालाटांचा तिसरा. या पन्हळी म्हणजे एकमेकींना चिकटून निजलेल्या बारीक नळ्या. नळ्यांच्या लांबीत दाब दिला की पुठ्ठा वजन पेलतो. त्याच नळ्या आडव्या पडल्या की दाबाने चपट्या होतात आणि पुठ्ठा तिथेच मोडतो. माझे खांब आडव्या पन्हळींचे होते.

म्हणून खांब कापताना पन्हळी उभ्या. ८ सेंटीमीटरच्या तीन बाजू आणि चिकटवायला २ सेंटीमीटरची पट्टी. जिथे घडी घालायची तिथे स्टीलची पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलीने रेघ दाबून घ्यायची, कागद फाटू द्यायचा नाही, फक्त खोलगट करायचा. घडी सुरीने कापल्यासारखी सरळ येते. असा तिकोनी खांब आणखी कशाच्याही आधाराशिवाय कमान तोलून धरतो.

कमानीचं याच्या उलट. तिला वळायचं असतं, म्हणून पट्टी अशी कापायची की पन्हळी तिच्या रुंदीत येतील. मग ती लाटण्यावरून हळूहळू ओढत न्यायची. पन्हळी एकेक करून दबतात आणि पुठ्ठा कुठेही न तडकता गोल येतो.

एक सांभाळा. मूर्तीचं वजन पुठ्ठ्यावर नको. शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा जड असते, तिला लाकडी पाट किंवा चौरंगच हवा. मखर फक्त भोवती. आणि समई, निरांजन मखरापासून लांब.

२३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्मोकोलवरही बंदी आणली, त्यात थर्मोकोलची सजावटही आली. त्या वर्षी गल्लीतल्या किती जणांनी विचारलं असेल, आता मखर कशाचं करायचं? आमच्या पोटमाळ्यावर उत्तर आधीपासून होतं. मला त्या वर्षी पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्यापुरतं ठेवण्यासारखं नाही.

(पडद्यावर : गॅसवर छोटं पातेलं. लाकडी चमचा फिरतोय.)

आता चिकटवायचं कशाने? फेव्हिकॉल चांगलाच, पण मोठं काम निघालं की बाटली संपते आणि जीव कासावीस होतो. आई खळ करायची. एक चमचा मैद्याला पाच चमचे पाणी. आधी गार पाण्यातच मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आच. हात थांबवायचा नाही. थोडा वेळ काहीच होत नाही, पाणी पांढरंच दिसतं. ६० अंशांच्या पुढे पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात आणि चमच्याला एकदम जडपणा येतो. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येते. तिथे गॅस बंद. चिमूटभर तुरटी घातली तर खळ एखादा दिवस जास्त टिकते. पूर्वी किडीसाठी मोरचूद घालायचे, पण ते विष आहे. घरात मुलं असतील तर नकोच.

खळ पातळ लावायची. जाड थर दिला की कागदाला सुरकुत्या पडतात. पुठ्ठ्याच्या एका बाजूला कागद चिकटवला तर वाळताना तो पापुद्र्यासारखा त्याच बाजूला वळतो, म्हणून मागच्या बाजूलाही तसाच एक साधा कागद लावायचा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सपाट राहतो.

(पडद्यावर : वर्तमानपत्र फाडणारे दोन हात. एक वृद्ध, एक लहान.)

कागदालाही नस असते. घरातलं कुठलंही जुनं वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडा, पट्टीने कापल्यासारखी सरळ रेघ येते. आता डावीकडून उजवीकडे फाडा. वाकडं जातं, झिपऱ्या निघतात. गिरणीत कागद तयार होताना त्याचे तंतू यंत्र चालतं त्या दिशेने निजतात, म्हणून. तंतूंच्या बाजूने घडी सुबक बसते, आडवी घातली की फुगते.

वर्तमानपत्राच्या पिशव्या आमच्या गल्लीत पुष्कळ जणी करतात. दोन पानं एकावर एक, दोन बोटं चढवून खळ, तळाला पाकिटासारखी घडी. तळात जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घाला, कांदे-बटाटे तोलतात. ओली मेथी मात्र नको, तळ सुटतो. आणि खायची वस्तू थेट या कागदात अजिबात नको. शाईमुळे. अन्नाच्या वेष्टनाच्या २०१८ च्या नियमांनीच त्याला मनाई केली आहे, तरी भजी अजून त्याच कागदात मिळतात, आणि ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

कापडाचं थोडक्यात सांगते. जुनी सुती साडी काठाशी कातरून ओढली की धाग्याच्या रेषेत टरटरत फाटते, कात्री लागत नाही. सिंथेटिक तशी फाटत नाही, ती कापावी लागते. चार बोटं रुंदीच्या तीन पट्ट्यांची वेणी घाला, वेणी गोल गोल गुंडाळत सुई-दोऱ्याने शिवत जा. एका सहावारीत दोन पायपुसणी आरामात होतात. आजींच्या माहेरी याच साड्यांच्या वाकळी व्हायच्या, पण वाकळीला महिना जातो. पायपुसणं संध्याकाळच्या दोन मालिकांत होतं.

(पडद्यावर : ऑक्टोबर. मोकळं आभाळ. ओट्यावर जुना खराटा सोडून ठेवलेला.)

आता कंदील. याच्यासाठी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

दिवाळीला आठ दिवस आहेत. आजी ओट्यावर बसल्यात, समोर त्यांची नात, सातवीतली. मध्ये झिजलेला खराटा. झाडायच्या कामाचा तो राहिला नाही, पण बुडाकडचे हीर अजून कणखर आहेत. बारा हीर निवडायचे. प्रत्येकाच्या जाड भागातून १५ सेंटीमीटरचे दोन तुकडे, म्हणजे चोवीस काड्या. सगळ्या अगदी सारख्या. यात एक जरी आखूड झाली तरी कंदील एका अंगाने कलतो.

चार-चार काड्यांचे चार चौकोन दोऱ्याने बांधायचे. चौकोन टोकावर उभे करायचे, पतंगासारखे, आणि शेजारच्या टोकाला टोक बांधत गोल पूर्ण करायचा. वर चार टोकं मोकळी राहतात, खाली चार. वरच्या टोकांना चार काड्या, खालच्यांना चार. झाले चोवीस. आता मोजा : सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. त्रिकोण आपले आपण तयार झाले, एकही वेगळा बांधावा लागला नाही. मला लहानपणी ही जादूच वाटायची, अजूनही वाटते.

पण सांगाडा हातात घेतला की तो डुलतो, पिळतो. नात घाबरते. "आजी, हा तर मोडतोय!"

"मोडत नाय. चौकोन हलतो, तिरकोन हलत नाय. चौकोनाला कागद घाल, मग बघ."

म्हणून पतंगी कागद आधी चौकोनांवर. वरचा चौकोन दिव्याची वायर जायला मोकळा, खालचा गरम हवा खेळायला मोकळा. उरले चार. कागद काडीपेक्षा एक-एक सेंटीमीटर मोठा कापायचा, कडेला खळीचं बोट फिरवायचं, काडीवरून आत दुमडायचं. ओला असताना तो ढिला, सुरकुतलेला दिसतो. ओढायचा मोह होतो, पोरीलाही झाला.

"वडू नगंस," आजी म्हणतात. "वाळला की त्यो आपसूक ताठ हुतो."

पाऊण तासाने चारही चौकोन बोटाने टिचकी मारली की वाजतात. सांगाडा आता पिळत नाही. मग त्रिकोण, दुसऱ्या रंगाचे. मग कोपऱ्यांवर कागदाच्या करंज्या. आणि शेवटी झिरमिळ्या, खालच्या चार टोकांना. झिरमिळ्यांना पुन्हा तीच नस : पतंगी कागदाचा कोपरा आधी थोडा फाडून बघायचा, सरळ कुठे जातो ते कळलं की त्या दिशेने कातरायचं. आडव्या कातरलेल्या झिरमिळ्या पहिल्याच वाऱ्यात तुटतात.

आत कमी वॅटचा एलईडी दिवा, मधोमध टांगलेला, कागदाला न टेकणारा. जुना तापणारा बल्ब घालू नका.

(पडद्यावर : संध्याकाळ. गल्लीत एकेक दिवा लागतोय. गॅलरीच्या ग्रिलला बांधलेली सुतळी.)

नात स्टुलावर चढून सुतळी बांधते. खाली आजी कंदील दोन्ही हातांनी धरून उभ्या आहेत, जसं कोणी बाळाला धरावं. बटण दाबलं. केशरी चौकोन, हिरवे त्रिकोण. जिथे कागदावर कागद चढलाय तिथे रंग गडद, आणि काड्यांच्या चोवीस काळ्या रेघा समोरच्या भिंतीवर मोठ्या होऊन पडल्यात.

खाडीकडून वारा येतो. झिरमिळ्या उडतात.

आजी वर बघत मोजतात. एकदा, पुन्हा एकदा.

"ह्या टोकाला एक कमी हाय गं."

पोरगी स्टुलावरून उतरते. कागदाचा कोपरा फाडून बघते, दिशा बदलून पुन्हा फाडते, आणि कात्री शोधायला आत जाते.