हरळी लावणारा माणूस

[दृश्य : ठाणे, जांभळी नाका. गणपतीच्या आदल्या दिवशीची सकाळ. फुलबाजाराची गर्दी.]

निवेदन :
गणपतीच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. जास्वंद, केवडा, शमी, आणि ओल्या गोणपाटावर दूर्वांच्या जुड्या. एकवीसची जुडी. कोवळी आहे ना, तीन पात्यांची आहे ना, हे उलटसुलट करून पाहिल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही.

हीच दूर्वा शेतात माजली की हरळी, आणि मग तिच्या वाट्याला फक्त शिव्या. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं फोडून काशा, म्हणजे तिची जमिनीखालची खोडं, वेचायच्या, बांधावर वाळवून जाळायच्या. पहिला पाऊस पडला की ती पुन्हा हजर. ज्याच्या रानात हरळी शिरली, त्याच्या घरी पुढची चार वर्षं विषय तोच.

[दृश्य : घोडबंदर रोडवरची नर्सरी. गालिच्यासारख्या गुंडाळून ठेवलेल्या लॉनच्या वळकट्या.]

पण घोडबंदर रोडच्या या नर्सरीत तीच हरळी चौरस फुटाच्या भावानं विकत मिळते. इथं तिचं नाव बर्म्युडा. पानं बारीक, वीण दाट, रंग गडद. घरची हरळी आणि ही शेजारी शेजारी ठेवली तर बहिणी वाटतात खऱ्या, पण एक रानात वाढलेली आणि एक शहरात.

हा फरक ज्यांनी पाडला, ते ग्लेन बर्टन. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पती-पैदासकार. जगभरच्या गोल्फ कोर्सवर, फुटबॉलच्या मैदानांवर त्यांची हरळी पसरली आहे. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि याचं आश्चर्य वाटायला एक वेगळं कारण आहे. ते पुढे येईल.

[दृश्य : खारघर. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचा गोल्फ कोर्स, रस्त्यावरून.]

गोल्फचं नाव काढलं की नवी मुंबईत लोकांच्या भुवया उंचावतात. सीवूड्सच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स नको म्हणून इथली माणसं उच्च न्यायालयापर्यंत गेली. पाणी किती लागतं, जागा किती अडते, खेळतं कोण, हे प्रश्न रास्तच आहेत. पण ही फिल्म त्या भांडणाची नाही. ही गवताची आणि एका माणसाची आहे.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. नेब्रास्का, टिफ्टन.]

बर्टन यांचा जन्म १९१० सालचा, नेब्रास्का राज्यातला. शेतकऱ्याचं घर. शिक्षण आधी नेब्रास्कात, मग न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात. तिथून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी ते दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या लहानशा गावी कृषी संशोधन केंद्रावर रुजू झाले. जन्मभर तिथंच राहिले.

जॉर्जिया म्हणजे तेव्हा कापसाचा मुलूख. तिथल्या कापूसवाल्याचा हरळीवर राग आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याइतकाच. अशा गावात नवा आलेला साहेब सांगू लागला, की मी हरळी सुधारतो, तुम्ही ती मुद्दाम लावा! लोकांनी काय तोंडं केली असतील, ते आपल्याला सांगायला नको.

बर्टन यांचं म्हणणं सरळ होतं. कापसानं इथली जमीन पिळून काढली आहे, माती धुपते आहे, गुरांना चारा नाही. जी वनस्पती इतकं करूनही मरत नाही, तिच्यात काहीतरी दम आहे. तो कामाला लावायचा. टिफ्टनजवळ एका जुन्या कापसाच्या रानात एक जोमदार हरळी सापडली होती. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या हरळींशी तिचा संकर झाला. हजारो रोपं एकेक करून लांब लांब लावली, वर्षानुवर्षं पाहिली, बहुतेक फेकून दिली. उरलेल्यातून १९४३ मध्ये ‘कोस्टल’ नावाचा वाण आला. उंच वाढणारा, गुरांच्या पोटाला मानवणारा, आणि बी जवळपास न धरणारा. बी नाही म्हणजे शेजारच्या रानात पसरण्याची भीती कमी. शेतकऱ्याचा निम्मा विरोध तिथंच मावळला. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत लाखो एकरांवर हा चारा उभा राहिला.

[दृश्य : कॅमेरा अगदी जवळ. टेबलावर हरळीची एक लांब फांदी.]

आता ही फांदी नीट पाहा. दर दोन बोटांवर एक पेर. प्रत्येक पेरातून खाली मुळं सुटलीत, वर पातं. पेराच्या दोन्ही बाजूंनी कापलं, तर तो तुकडा मरत नाही. ओल मिळाली की स्वतंत्र रोप होतो. शेतात वरवर वखर फिरवला की हरळी कमी न होता वाढते, ती यामुळेच. आपण तिची कलमं करून रानभर पसरवून येतो.

गोल्फ कोर्सवर हेच ठरवून करतात. फांद्यांचे तुकडे करायचे, वाळूच्या थरावर विखरायचे, वरून रोलर, मग पाणी. काही आठवड्यांत जमीन दिसेनाशी होते.

[दृश्य : ग्रीनवर गवत कापण्याचं यंत्र.]

गोल्फमध्ये जिथं भोक असतं, त्या भोवतालच्या जागेला ग्रीन म्हणतात. चेंडू तिथं हवेत जात नाही, घरंगळतो. म्हणून गवत चटईसारखं सपाट आणि दाट हवं. थंड देशातली गवतं हे सहज देतात. उष्ण भागात ती उन्हाळ्यात होरपळतात. अमेरिकेच्या दक्षिणेत म्हणून कित्येक ठिकाणी ग्रीनच्या जागी वाळूच असे. आपल्याकडे लष्कराच्या जुन्या कोर्सवरही तेल मिसळलेल्या वाळूची अशी मैदानं होती. त्यांना ‘ब्राउन’ म्हणत.

दुसरं महायुद्ध संपलं, आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं बर्टन यांच्या कामाला पैशाचं पाठबळ दिलं. पण या कामातले त्यांचे खरे सहकारी, आमच्या मते, मैदानांवरचे माळी. आपल्या ग्रीनवर एखादा ठिपका बाकीच्यांपेक्षा बारीक, दाट दिसला की ते खणून टिफ्टनला पाठवत. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या एका क्लबवरून अशीच एक हरळी आली. बर्टन यांनी तिचा संकर आफ्रिकेतल्या एका नाजूक, सुईसारख्या पानांच्या हरळीशी केला.

इथं थोडं विज्ञान. शार्लटच्या हरळीत ३६ गुणसूत्रं, आफ्रिकन हरळीत १८. दोघींकडून निम्मी निम्मी आली की संततीत २७. या २७ च्या समान जोड्या लागत नाहीत, त्यामुळे बी धरत नाही. आपण खातो ती केळी बिनबियांची असतात, त्यामागेही गुणसूत्रांच्या तीन संचांचा हाच प्रकार आहे. गोल्फवाल्यांना हा वांझपणा फार सोयीचा, कारण बी पडून मैदानात भलतीसलती रोपं उगवत नाहीत.

हा वाण ‘टिफग्रीन’. साल १९५६. मग १९६० मध्ये ‘टिफवे’, नर्सरीवाले ज्याला नुसतं ‘४१९’ म्हणतात. हा तर ठरवून केलेला संकरसुद्धा नव्हता. जोहान्सबर्गहून आलेल्या बियांच्या पुडीत आपोआप झालेलं एक संकरित रोप होतं ते, वेगळं दिसलं म्हणून जपलं गेलं. आज क्रीडांगणांवर सर्वाधिक नाव असलेल्या गवतांपैकी हे एक.

आणि १९६५ चा ‘टिफड्वार्फ’. बियांशिवाय वाढणाऱ्या गवताचं प्रत्येक मैदान म्हणजे मूळ एकाच रोपाचे तुकडे. सगळं हुबेहूब सारखं असायला हवं. पण टिफग्रीनच्या काही ग्रीनवर खुजे, जास्त गडद ठिपके दिसू लागले. निसर्गानंच आतून बदल केला होता. हा ठिपका वेगळा काढून वाढवला, तर तो पावणेपाच मिलिमीटर उंचीवर रोज कापला तरी टिकला. टिफग्रीनला इतकी खोल कापणी सोसत नव्हती.

[दृश्य : जुलै. खारघरच्या डोंगरावर ढग उतरलेले. लॉनवर साचलेलं पाणी.]

या गवताची खोड मात्र एकच, ऊन. हरळी उन्हाची भुकेली. थंडीत वाळून पिवळं पडणं आपल्याकडे नाही, पण कोकणातल्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच ती विरळ होते. मोकळ्या जागेत शेवाळ धरतं. म्हणून खाली वाळूचा थर आणि निचऱ्याचे पाइप, आणि पावसाळ्यात कापणीची उंची थोडी वाढवायची. सोसायट्यांच्या बागांत हे गवत फसतं तेही याच कारणानं. वीस मजली दोन टॉवरच्या मधल्या पट्टीत दिवसाला दोन तास ऊन येत असेल, तर कितीही महाग बर्म्युडा आणा, सहा महिन्यांत माती दिसते. मग समितीच्या सभेत माळ्याचा उद्धार. माळी बिचारा काय करणार! सावली बिल्डरची.

[दृश्य : वाशी, एपीएमसीचा दाणा बाजार. बाजरीची पोती.]

आता ते राहिलेलं कारण.

गोल्फ हे बर्टन यांचं बाजूचं काम. मुख्य काम चाऱ्याचं, आणि त्यात बाजरी होती. अमेरिकेत बाजरी गुरं खातात. बाजरीच्या कणसातले फुलोरे इतके बारीक, की हातानं संकर करून शेतकऱ्याला पुरेल एवढं बी काढणं अशक्य. बर्टन यांनी बाजरीची अशी एक ओळ, म्हणजे एकसारख्या गुणांच्या बियाण्याचं कूळ, तयार केली, जिच्यात पराग तयारच होत नाहीत. शेजारी दुसरी बाजरी लावली, की या ओळीवर येणारं सगळं बी आपोआप संकरित. तिचं नाव ‘टिफ्ट २३ए’.

ही ओळ भारतात आली. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात दिलबागसिंग अथवाल यांनी तिच्यावरून १९६५ मध्ये पहिली संकरित बाजरी दिली, ‘एचबी-१’. आपण गहू आणि भाताच्या हरितक्रांतीबद्दल भरभरून बोलतो, नगर-नाशिक-धुळ्याकडच्या कोरडवाहू माणसाच्या भाकरीत झालेल्या या बदलाबद्दल फारसं नाही. १९७०-७१ मध्ये देशात सुमारे ८० लाख टन बाजरी पिकली. पाच वर्षांपूर्वीच्या दुपटीहून जास्त. अर्थात १९६५-६६ हे दुष्काळाचं वर्ष होतं, आणि १९७० चा पाऊस चांगला होता; सगळं श्रेय बियाण्याला देणं खरं नाही.

शिवाय पुढे वाईटही झालं. संकरित बाजरी देशभर झाली, पण सगळ्यांची आई एकच, २३ए. ती गोसावी रोगाला बळी पडणारी. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबका आला, की शेतकरी समजायचा, दाणा गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या रोगाच्या साथी आल्या आणि पहिले संकरित वाण मागे पडले. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत याच कुळातल्या बियाण्यावर किरणांचा मारा करून, रोगाला तोंड देणारी नवी ओळ काढली गेली.

टिफ्टनमध्ये हरळीच्या काशांवर गॅमा किरण सोडण्याचे प्रयोगही त्याच दशकात सुरू होते. बर्टन यांचा तो आवडता नाद होता.

[दृश्य : टिफ्टन केंद्राची छायाचित्रं.]

अमेरिकेतलं विज्ञानासाठीचं सर्वोच्च राष्ट्रीय पदक त्यांना १९८२ सालासाठी मिळालं. काम थांबलं नाही. गुरांच्या चाऱ्यासाठीची ‘टिफ्टन ८५’ ही हरळी बाहेर आली, तेव्हा ते ऐंशी ओलांडून दोन वर्षं झाली होती. २००५ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, टिफ्टनमध्येच ते गेले.

सरकारी नोकरीत काढलेली टिफवे कुणाच्या मालकीची नाही. कुणीही लावावी, वाढवावी, विकावी. त्यांचे सहकारी वेन हॅना यांनी त्याच कुळातून, किरणांचा मारा करून, ‘टिफइगल’ काढली. ती १९९७ मध्ये आली. तिच्यावर मात्र पेटंट घेतलं गेलं.