तुझ्याकडे काय पडतं?

(फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात श्रावणात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आकाशातल्या ग्रहांवरचं व्याख्यान ऐन श्रावणात ठेवायचं धाडस तुम्हीच करू जाणे. गेल्या आठ दिवसांत ज्याला एक तरी तारा दिसला असेल त्याने हात वर करावा. बघा, एकही हात नाही. मी दुर्बीण आणली आहे, पण ती त्या कोपऱ्यात प्लास्टिकात गुंडाळून बसली आहे. आज तिचाही उपास. येताना बोरीच्या पुलावर गाड्या अडल्या होत्या, वायपर चालू असूनही समोरचं काही दिसत नव्हतं. तिथे बसल्या बसल्या मी विषय थोडा वळवला. फलकावर ‘सूर्यमालेतले आणि सूर्यमालेबाहेरचे अद्भुत ग्रह’ असं लिहिलंय, ते असू दे. मी मात्र आज प्रत्येक ग्रहाला एकच प्रश्न विचारणार आहे: बाबा रे, तुझ्याकडे काय पडतं?

पाऊस म्हटला की आपल्याला पाणीच आठवतं. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास ते पडतं, तेव्हा आठवणारच. पण चुलीवर पेजेचा तोप ठेवला की काय होतं ते आठवा. खालून आच लागते, वाफ वर जाते, झाकणाला लागून थंड होते, तिचे थेंब होतात आणि ते परत पेजेत पडतात. झालं, एवढाच पाऊस. या सगळ्यात पाणीच पाहिजे अशी अट कुठेच नाही. तोपात काय आहे, आच किती आहे आणि झाकण किती जड आहे, यावर काय पडणार ते ठरतं.

शेजारच्या शुक्रापासून सुरुवात करू. शुक्राचा अस्त असला की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त अडतात, इतकं या ग्रहाचं आपल्या घरात चालतं. दिसतोही देखणा. पण तिथे जे पडतं ते गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. पडतं म्हणणंही चूकच, कारण ते जमिनीपर्यंत पोचतच नाही. खाली साधारण ४६५ अंश सेल्सिअस तापमान, शिसं वितळेल इतकं. थेंब वाटेतच उडून जातात. हवेचा दाब आपल्या नव्वदपट. १९८२ साली रशियनांचं व्हेनेरा-१३ तिथे उतरलं. अर्धा तास टिकलं तरी पुष्कळ, अशा बेताने बांधलेलं यान १२७ मिनिटं टिकलं, आणि तेवढ्यात त्याने रंगीत फोटो पाठवले. आणखी एक गंमत. शुक्र स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत घेतो, तीही उलटी, आणि सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांत संपवतो. स्वतःभोवतीची गिरकी पुरी व्हायच्या आत वर्षच उलटून जातं.

मंगळावर फार थांबत नाही, त्याच्याबद्दल तुम्ही पेपरात पुष्कळ वाचता. एके काळी तिथे पाणी वाहत होतं, नदीच्या मुखाशी साठलेला गाळ आजही दिसतो. आता पडलंच तर बर्फ पडतं. २००८ साली फिनिक्स यानाने ढगातून बर्फ खाली येताना टिपलं, पण तेही जमिनीला लागायच्या आत उडून गेलं. ध्रुवांकडे कार्बन डायऑक्साइडचं बर्फ पडतं. आइस्क्रीमवाला खोक्यात धूर येणारा सुका बर्फ ठेवतो ना, तेच.

गुरूची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती चोर पकडण्याची गोष्ट आहे. गॅलिलिओ यानाने सोडलेलं एक छोटं यान १९९५च्या डिसेंबरात गुरूच्या वातावरणात शिरलं. त्याने हवा मोजली तेव्हा निऑन वायू अपेक्षेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच निघाला. मग बाकीचा गेला कुठे? उत्तर असं मिळालं की गुरूच्या पोटात, प्रचंड दाबाखाली, हेलियमचे थेंब होऊन खाली पडत असावेत आणि निऑन त्या थेंबांत विरघळून त्यांच्याबरोबर खाली जात असावा. म्हणजे फुग्यात भरतो त्या हेलियमचा पाऊस! तो पाऊस कोणी पाहिलेला नाही. वर काय कमी पडलं, त्यावरून खाली काय पडतंय ते ओळखलं. परसातले आंबे कमी झाले की शेजारच्या पोराच्या तोंडाचा चीक बघायचा, तशातलं हे.

आता शनीकडे जाऊ, पण शनीच्या कड्यांसाठी नाही. त्याचा एक चंद्र आहे, टायटन. बुध ग्रहापेक्षा आकाराने मोठा. मला कोणी विचारलं की पृथ्वी सोडून पावसाळा कुठे काढशील, तर मी टायटन सांगेन. (कोणीतरी विचारतं, “सर, थंडी?”) थंडी आहे, उणे १७९ अंश. घोंगडं न्यावं लागेल. पण त्या थंडीत आपल्याकडे गोबर गॅसमध्ये जळतो तो मिथेन वायू पातळ होतो. त्याचे ढग येतात, पाऊस पडतो, नद्या वाहतात, तळी भरतात. पृथ्वी सोडली तर पाऊस पडून जमिनीवर वाहतो आणि साठतो अशी सूर्यमालेतली आपल्याला ठाऊक असलेली ही एकच जागा.

१४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स नावाचं यान तिथे पॅराशूटने उतरलं. त्याने पाठवलेल्या फोटोत गोलसर गोटे दिसतात. म्हादईच्या पात्रात उन्हाळ्यात दिसतात तसे घासून गोल झालेले. फक्त ते गोटे दगडाचे नसावेत, पाण्याच्या बर्फाचे असावेत. तिथलं पाणी म्हणजे आपला जांभा, आणि तिथला गॅस म्हणजे आपलं पाणी.

आणि तो पाऊस पडतो कसा? टायटनचं गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण सातव्या हिश्शाइतकं, हवा मात्र आपल्यापेक्षा दाट. त्यामुळे थेंब सेंटीमीटरभर मोठा होऊ शकतो, असा हिशेब आहे. आपला मोठा थेंब सेकंदाला नऊएक मीटर वेगाने येतो. टायटनवरचा येईल दीडेक मीटरने. तुम्ही पावळीखाली उभे आहात, वर बघताय आणि एकेक टपोरा थेंब पिसासारखा तरंगत खाली येतोय. अमेरिकेचं ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान २०२८ साली तिकडे निघायचं ठरलंय, पोचेल २०३४च्या सुमारास. माझं वय बघता मी फोटोंसाठी तरी थांबायचं ठरवलंय.

(इथे वीज गेली. पुढचं काही वेळ मेणबत्तीच्या उजेडात झालं.)

हरकत नाही, पडद्यावर पुढे युरेनसचाच फोटो होता आणि तो नुसता फिकट निळा गोळा दिसतो. युरेनस आपल्या अक्षावर ९८ अंश कलला आहे. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे फिरतात, हा उतारावरून नारळ गडगडत जावा तसा. सूर्याभोवती फेरीला ८४ वर्षं. म्हणजे त्याच्या ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं दिवस, ४२ वर्षं रात्र. युरेनस आणि नेपच्यून यांच्या पोटात हिरे पडत असावेत असं शास्त्रज्ञ मानतात. तिथल्या मिथेनमधला कार्बन दाबाने चिरडून हिरा होतो आणि बुडत जातो. प्रयोगशाळेत लेझरचे तडाखे देऊन हे करून पाहिलंय. २०२२च्या प्रयोगात त्यासाठी वापरलं पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. हिरे निघाले, पण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. सोनाराकडे नेण्यात अर्थ नाही.

युरेनसवरून एक आठवलं. १० मार्च १९७७ला हा ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा झाकला जायच्या आधीच त्याचा उजेड अचानक लुकलुकला. कारण युरेनसला कडी आहेत आणि ती आधी आडवी आली. अमेरिकनांनी हे विमानातल्या दुर्बिणीतून पाहिलं, आणि तामिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेतून आपल्या माणसांनीही तो उजेड कमी झालेला नोंदवला. ही युक्ती लक्षात ठेवा, कारण सूर्यमालेबाहेरचे बहुतेक ग्रह आज याच युक्तीने सापडतात. जत्रेत पेट्रोमॅक्ससमोरून पाकोळी गेली की क्षणभर उजेड किंचित कमी होतो, तसं. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर उजेड एक टक्क्याने घटतो. पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारांत एक भागही नाही. आणि ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला उजेड तपासला की हवेत काय आहे तेही कळतं.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली जाहीर झाला. तो मात्र ताऱ्याच्या डुलण्यावरून ओळखला होता, ग्रहाच्या ओढीने तारा जरासा डुलतो ना, त्यावरून. गुरूच्या जातीचा हा धोंड ताऱ्याला सव्वाचार दिवसांत एक फेरी घालत होता. इतका मोठा ग्रह ताऱ्याला इतका चिकटून कसा, हे पचायला लोकांना वेळ लागला. शोधणाऱ्या मेयर आणि केलोझ यांना २०१९ साली नोबेल मिळालं. आज असे सहा हजारांवर ग्रह नोंदले गेलेत.

त्यातला एक, एचडी १८९७३३ बी. नाव टेलिफोन नंबरासारखं आहे, पण रंग गडद निळा. २०१३ साली हबल दुर्बिणीने तो मोजला. निळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मिरामारचा समुद्र येतो. तिथे समुद्र वगैरे काही नाही. हवेत वाळूच्या जातीचे सिलिकेटचे कण आहेत, आणि त्यांची काच होऊन ती पडत असावी. वारा तासाला आठ हजार किलोमीटरच्या वर, त्यामुळे काच खाली नाही पडत, आडवी येते. २०२४ साली तिथे हायड्रोजन सल्फाइडही सापडला, म्हणजे कुजक्या अंड्यांचा वास. लांबून बघण्यासारखीच जागा.

दुसरा, वास्प ७६ बी. याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. त्या बाजूला २४०० अंशांच्या वर तापमान, लोखंडाची वाफ होते. २०२० साली संशोधकांनी ग्रहाच्या दोन्ही कडा तपासल्या. दिवस संपून रात्र सुरू होते त्या कडेला लोखंडाची वाफ दिसली, रात्र संपते त्या कडेला दिसली नाही. म्हणजे रात्रीच्या बाजूला ते लोखंड पडून गेलं असणार. नंतर इतरांनी वेगळी कारणंही सुचवली, ढगांची वगैरे. तो वाद चालू राहील. पण बघा, पुन्हा तीच परसातल्या आंब्यांची रीत.

आणि एक ग्रह आपल्या नावाचा आहे. २०१९ साली प्रत्येक देशाला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं बारसं करायला मिळालं. भारताने ताऱ्याला ‘विभा’ नाव दिलं, भौतिकशास्त्रज्ञ विभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाला ‘संतमस’. संस्कृत शब्द आहे, दाट अंधार, झाकोळ. बाहेर बघा, आज आपलंही संतमसच आहे.

कोणाला काही विचारायचं आहे? हां, विचार गो बाय.

“सर, टायटनवर छत्री चालेल?”

चालेल की. थेंब हळू येतात, हवा दाट आहे, गुरुत्वाकर्षण कमी. फक्त वारा आला तर छत्री सोडून दे, नाहीतर तुला घेऊन जाईल.

“आणि मिथेन पेटणार नाही?”

हा प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत. पेटायला प्राणवायू लागतो, आणि तिथल्या हवेत तो नाही. तू काडी ओढलीस तरी पेटणार नाही. वीज आली वाटतं. आता पडद्यावर बघ, हेच ते गोटे.