स्टेअरिंगला आधी हात लावून बघा

आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर 'स्टेअरिंग : घरगुती तपासणी आणि बदल' असा छापलाय. बदलांकडे येतोच. पण आधी तपासणी, कारण तिच्यावरून माझा जीव फार जळतो.

आमच्या शेजारच्या काकूंची जुनी मारुती ८००. खड्ड्यातून गेली की पुढून खडखड. गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, "रॅक गेलाय, अख्खा बदलावा लागेल." रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी दांडी. आकडा ऐकून काकू गाडीच विकायला निघाल्या. मी म्हटलं, थांबा. सपाट अंगण, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, इंजिन बंद. काकूंना आत बसवलं आणि सांगितलं, स्टेअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे हलवत राहा. चाकं जमिनीवरच ठेवायची, म्हणजे सांध्यांवर जोर येतो. मी चाकामागे हात घालून टायरॉड एंड धरला, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या (टायरॉडच्या) चाकाकडच्या टोकाचा सांधा. उजवा घट्ट. डाव्याची टकटक थेट तळहातात! रॅकच्या टोकाचा रबरी बूट चिमटीत धरला, आतला सांधा ठीक होता. म्हणजे गेला होता तो एक एंड. मग काकूंनाही खाली बसवून हात लावायला दिला. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं तर मलाही कळतंय!" मला हेच सांगायचंय. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कळू शकतं, आणि ते कळू न देता बिल फाडणं हा अन्याय आहे.

जॅकवर चाक उचलून हलवायचं असेल तर खाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. घड्याळातल्या ३ आणि ९ वर धरून हललं तर संशय स्टेअरिंगच्या सांध्यांवर, १२ आणि ६ वर हललं तर चाकाच्या बेअरिंगवर किंवा चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या बॉल जॉइंटवर.

वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. ही युक्ती १८१७ मध्ये म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने काढली, पुढच्या वर्षी आकरमानने लंडनमध्ये पेटंट घेतलं आणि नाव त्याचं झालं. याच्यावर मी तासभर बोलू शकतो...

पण चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर बदल, भराभर. आतलं चाक जास्त वळवण्याची ती सगळी युक्ती स्टेअरिंग आर्मच्या, म्हणजे टायरॉड ज्याला जोडतो त्या चाकाकडच्या दांड्याच्या कोनात आहे, म्हणून तो आर्म तापवणं, वाकवणं, वेल्डिंग करणं बिलकुल नको. गाडी खाली बसवलीत तर टायरॉडचा कोन बदलतो आणि खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप ओढ घेतं. एअरबॅग काढून छोटं शोभेचं स्टेअरिंग लावू नका. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हेही लक्षात ठेवा.

एंड मात्र घरी बदलता येतो. जुना काढण्याआधी आट्यांवर रंगाची खूण करा. नट सुटू न देणारी स्प्लिट पिन दर वेळी नवी. पिनेचं भोक जुळत नसेल तर नट सैल न करता किंचित पुढे आवळा. आणि लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. तोवर गाडी हायवेवर न्यायची नाही. हं, विचारा प्रश्न.