लिंकोऊची लॅब आणि एक मिलिमीटरची नळी

स्क्रीनवर जे दिसतंय ना, तो केस नाहीये. तो टाका आहे. टेन-झिरो नायलॉन म्हणतात याला, जाडी केसाच्या साधारण एक तृतीयांश, आणि सुई इतकी बारीक की टेबलावरून खाली पडली तर शोधत बसायचं नाही, सरळ दुसरी मागायची. खाली जी गुलाबी नळी आहे ती लॅबमधल्या पांढऱ्या उंदराच्या मांडीतली रक्तवाहिनी, जेमतेम एक मिलिमीटरची. ती कापायची आणि परत जोडायची, बस एवढंच काम.

हात मॅडमचे आहेत. विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जन आहेत, स्कॉलरशिप मिळाली आणि वर्षभरासाठी तैवानला गेल्या, तैपेईजवळ लिंकोऊला, चांग गुंग मेमोरियल हॉस्पिटलमध्ये. स्कॉलरशिप म्हणजे काय तर राहायला खोली आणि महिन्याचा खर्च. तिकीट स्वतःचं, आणि घरी सासूबाई म्हणाल्या जा बाई, पोराचं मी बघते, म्हणून जमलं.

आता तुम्ही म्हणाल तैवानच का, आपले डॉक्टर तर इंग्लंड-अमेरिकेला जातात. तर हा रस्ता बघा. मॅडमनीच मोबाईलवर शूट केलाय, रात्रीचा. रस्त्याच्या कडेला काचेची केबिन, रंगीत ट्यूबलाइट, आत एक मुलगी बसून हिरव्या सुपारीला चुना लावतेय, पानात गुंडाळतेय. याला तिकडे बिनलांग म्हणतात. ट्रकवाले, बांधकामावरचे मजूर गाडी थांबवून पाकीट घेतात आणि पुढे जातात. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरला चौकात पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, घोटून देतात त्याचाच हा भाऊबंद, फरक इतकाच की बिनलांगमध्ये तंबाखू नसतो. आणि तरीही तिथे तोंडाचा कॅन्सर भरपूर. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 साली छापून सांगितलंय, तंबाखू असो वा नसो. आपल्याकडे अजून लोक म्हणतात, मी काय, साधी सुपारी खातो.

म्हणजे पेशंट तेच, रोग तोच. फक्त तिथे जबडा काढल्यानंतर नवा बसवायचं काम रोजचं आहे. ही चांग गुंग संस्था 1976 मध्ये वांग युंग-चिंग या प्लास्टिक उद्योगातल्या बड्या माणसाने वडिलांच्या नावाने सुरू केलं, आणि फू-चान वेई यांच्यासारख्या सर्जननी तिथे मायक्रोसर्जरी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडायचं काम, अशी उभी केली की जगभरातून लोक शिकायला येतात. फ्लॅप म्हणजे शरीराच्या एका जागचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून दुसरीकडे जोडलेला; अशा पेशंटसाठी वेगळा आयसीयू आहे, सर्जरीनंतर नर्स दर तासाला येऊन बघते, रंग कसा आहे, हाताला गरम लागतंय का, दाबल्यावर रक्त परत किती वेळात भरतं. निळसर दिसलं की रात्री दोन वाजता सुद्धा फोन, आणि परत ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर.

पण मॅडम म्हणतात, खरं शिकले ते लॅबमध्ये. परत बघा, हे नीट बघा. मनगट टेबलावर टेकलेलं, हलतायत ती फक्त बोटं. पहिला टाका इकडे, दुसरा समोर, मग मधले भरायचे, सगळे मिळून आठ-दहा. आणि भीती कशाची, तर मागची भिंत टाक्यात पकडली जाण्याची. बाहेरून सगळं छान दिसतं, क्लॅम्प म्हणजे रक्त अडवून धरणारी क्लिप काढली की थोडा वेळ रक्त जातं आणि मग गुठळी होऊन नळी बंद. म्हणून क्लॅम्प काढल्यावर दोन चिमट्यांनी रक्त पुढे ढकलून रिकामी जागा करायची आणि मागचा चिमटा सोडायचा. भरली की पास. नाही भरली की कापा, पुन्हा जोडा. दिवसभर ओटीत असिस्ट आणि संध्याकाळी हे, आणि सकाळची कॉफी बंद, कारण बोट थरथरतं म्हणे. (यावर सर्जन लोकांत भांडणं आहेत, तो विषय राहू दे.)

आता हे ॲनिमेशन. नडगीच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला. वजन पेलायचं काम मोठं हाड करतं, त्यामुळे घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा तुकडा ठेवून मधलं वीसेक सेंटीमीटर काढून घेता येतं, आणि ते निघतं आपल्या रक्तवाहिन्या सोबत घेऊन, वर हवी असेल तर कातडी पण. मग सुतार चौकट जोडताना लाकडाला तिरका काप देतो तसे हाडाला काप द्यायचे, वाकवून जबड्याचा आकार आणायचा, प्लेट-स्क्रूने बसवायचं. आणि मग मायक्रोस्कोप. पायाची धमनी मानेतल्या धमनीला, शीर शिरेला. लॅबमधली ती एक मिलिमीटरची प्रॅक्टिस कामाला येते ती इथे. जोडलं नाही तर हाड नुसतं मेलेलं हाड.

(इथे निवेदन नको. पेशंट भाकरीचा तुकडा वरणात बुडवून खातो, तो शॉट पूर्ण चालू द्या.)

परत आल्यावर मॅडमनी ही ऑपरेशनं इथे सुरू केली. काही फ्लॅप गेलेही. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, तरी ओपीडीतली गर्दी आहेच.

आता हा जो मायक्रोस्कोप दिसतोय तो प्लास्टिक सर्जरीचा नाही, दुसऱ्या डिपार्टमेंटचा आहे, त्यांची ऑपरेशनची लिस्ट संपली की मागून आणायचा. प्रॅक्टिससाठी लॅब नाही. मग रविवारी सकाळी दोन रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, बाजारातून आणलेली चिकनची तंगडी, त्यातल्या मांडीतली रक्तवाहिनी सोडवायची आणि तीच कसरत. मॅडम मागे उभ्या राहून सांगतात, "घाई नको, मागची भिंत बघ." परदेशात एका माणसाला वर्षभर शिकवण्यावर जो खर्च होतो, त्यातला थोडा जरी इथल्या लॅबवर झाला तर हे शिक्षण चिकनच्या तंगडीवर अडकणार नाही. प्रस्ताव पाठवलाय. दोन बायनॉक्युलरचा एक मायक्रोस्कोप मागितलाय, म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा एकाच वेळी बघू शकतील.