ऐकू येणारे पान

(दृश्य : बंद पडदा, कळफलकावर फिरणारी बोटे, स्क्रीन रीडरचा वेगवान आवाज)

संगणकाचा पडदा बंद आहे, कारण ही दृष्टिहीन विद्यार्थिनी रोज असेच काम करते. पानावरचा मजकूर तिला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली त्याचे काम सुरू केले आणि तो आजही विनामूल्य मिळतो. तिने आत्ता ‘एच’ची कळ दाबली, तेव्हा ती एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर गेली, ‘टी’ने तक्ता सापडतो, ‘बी’ने बटन, ‘के’ने दुवा. डोळस माणूस पानावरून नजर फिरवून हवे ते शोधतो, तेच ती या कळांनी करते. अमेरिकेतील वेबएम या संस्थेने स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या केलेल्या पाहण्यांतही, मोठ्या पानावर माहिती शोधण्याची सर्वाधिक वापरली जाणारी रीत शीर्षकांचीच असल्याचे दिसले आहे.

(दृश्य : शेजारी शेजारी ठेवलेली, हुबेहूब सारखी दिसणारी परीक्षा-अर्जाची दोन पाने)

चित्रीकरणासाठी आम्ही एकाच अर्जाची ही दोन पाने तयार केली. रंग, अक्षरे, मोकळी जागा, सगळे तेच. डावीकडच्या पानावर ‘एच’ दाबल्यावर पुढे शीर्षकच नसल्याचे उत्तर येते.

(दृश्य : दोन्ही पानांचा कोड)

टॅग म्हणजे मजकुराचा एखादा तुकडा काय आहे हे ब्राउझरला सांगणारी कोडमधली खूण. डाव्या पानाच्या कोडमध्ये सगळीकडे ‘डिव’ हा एकच टॅग आहे, आणि त्याला ‘एक भाग’ यापलीकडे काही अर्थ नाही. ‘उमेदवाराची माहिती’ ही ओळ मोठी आणि ठळक केलेली असली, तरी ते शीर्षक आहे असे कोडमध्ये कुठेही लिहिलेले नाही, आणि ब्राउझर मजकुराचा आकार पाहून त्याचा अर्थ ठरवत नाही. ब्राउझर टॅग वाचून पानातील घटकांचा एक वेगळा वृक्ष, म्हणजे फांद्याफांद्यांची रचना, तयार करतो, त्यात प्रत्येक घटकाची भूमिका, नाव आणि स्थिती नोंदवतो, आणि स्क्रीन रीडरच्या हाती तोच वृक्ष पडतो. उजव्या पानावर तीच ओळ ‘एच२’ या टॅगमध्ये आहे. म्हणून ती दुसऱ्या स्तराचे शीर्षक म्हणून ऐकू येते.

आता ‘अर्ज सादर करा’ पाहा. डावीकडे ती माउसने दाबता येणारी एक निळी चौकट आहे. टॅबची कळ कितीही वेळा दाबली तरी कर्सर तिथे थांबत नाही. उजवीकडे ‘बटन’ हा टॅग वापरला आहे, आणि तेवढ्यानेच टॅबने तिथे पोहोचणे, एंटर किंवा स्पेसने ते दाबणे आणि स्क्रीन रीडरने त्याला बटन म्हणणे या तिन्ही गोष्टी आपोआप मिळतात. ‘डिव’ला आरियाची, म्हणजे घटकाची भूमिका आणि स्थिती स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या जादा गुणधर्मांची, आणि थोड्या जादा कोडची ठिगळे लावून हेच घडवता येते खरे, पण एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या टॅगांच्या भाषेत, योग्य टॅग असेल तर तोच वापरावा, हा आरिया वापरण्याचा पहिलाच नियम आहे.

(दृश्य : अर्जातील रिकाम्या चौकटी)

चौकटीच्या वर ‘जन्मतारीख’ असे छापलेले दिसते. परंतु ‘लेबल’ टॅगने ते शब्द त्या चौकटीशी जोडले नसतील, तर स्क्रीन रीडर केवळ ‘लिहिण्याची जागा’ एवढेच सांगू शकतो. लेबल जोडले की त्या शब्दांवर क्लिक करूनही कर्सर चौकटीत जातो, आणि हात थरथरणाऱ्या माणसाला नेम धरण्यासाठी अधिक जागा मिळते. ही सोय फक्त दृष्टिहीनांसाठी आहे असे मानणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावे.

(दृश्य : पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या ओळी)

मराठी पानांत हमखास राहून जाणारी गोष्ट कोडच्या सुरुवातीलाच असते. पानाची भाषा मराठी आहे हे ‘लँग’ या गुणधर्मात लिहावे लागते, कारण देवनागरी लिपी हिंदीचीही आहे आणि नुसत्या अक्षरांवरून योग्य आवाज निवडला जाईल याची खात्री नसते. ती नोंद असेल आणि संगणकावर मराठी आवाज असेल, तर मजकूर मराठी उच्चारांनी वाचला जातो.

(दृश्य : जुन्या वेबपानांची छायाचित्रे)

टॅगमधून मजकुराचा अर्थ सांगणे हे काही अलीकडचे खूळ नव्हे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या युरोपातील संशोधन संस्थेत एचटीएमएलचे जे पहिले टॅग मांडले, त्यांत शीर्षकांचे सहा स्तर, परिच्छेद, याद्या आणि पत्ता होता, म्हणजे मजकुराचा अर्थच होता. नव्वदच्या दशकात देखण्या मांडणीसाठी तक्ते आणि ‘फॉन्ट’ टॅग यांचा सर्रास वापर झाला आणि अर्थ मागे पडला. सजावट वेगळी लिहिण्यासाठी असलेल्या सीएसएस या भाषेची पहिली शिफारस १९९६ मध्ये, सुगम्यतेची, म्हणजे पाने दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीची, पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये, आणि ‘मेन’ (मुख्य मजकूर), ‘नॅव्ह’ (इतरत्र नेणारे दुवे) यांसारखे टॅग असलेले एचटीएमएल५ २०१४ मध्ये प्रमाणित झाले. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले.

(दृश्य : मजकूर चढवणाऱ्या कर्मचाऱ्याचा पडदा)

पाने भरणाऱ्या बहुतेकांना कोड लिहावा लागत नाही. त्यांच्यासमोर मजकूर लिहिण्याची अशी चौकट असते, आणि ओळ निवडून ठळक करण्याच्या चिन्हावर बोट जाते. त्याच पट्टीवर बहुधा परिच्छेदाचे प्रकार दाखवणारी एक यादी असते. तिच्यातून ‘शीर्षक २’ निवडले, की योग्य टॅग आपोआप लिहिला जातो.