बिलाला नंबर कशाला?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘वैयक्तिक माहिती आणि जगाचं सत्ताकारण’. पण मी औषधाच्या दुकानापासून सुरुवात करणार आहे, कारण माझा राग तिथला आहे.

गेल्या पावसाळ्यात आईच्या साखर तपासायच्या पट्ट्या आणायला गेलो. रोख पैसे काढून ठेवले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, नंबर सांगा.” म्हटलं, कशाला? “त्याशिवाय बिलच निघत नाही.” मागे रांग, छत्र्या गळतायत, कुणीतरी म्हणालं, “सांगून टाका हो!” टाकला सांगून. आठवड्याभरात फोन सुरू. मधुमेहावर काढा, मधुमेहींसाठी विमा. एकदा फोन आईनेच उचलला आणि पलीकडच्या मुलीला उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही आकडे प्रेमाने सांगितले. हसताय, हसा, पण ती साखर आमच्या घरातली गोष्ट होती हो! नंबर त्या दुकानातूनच गेला, हे मला सिद्ध करता येत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. तो कुठून कुठे गेला, हे कळायला मला वाटच नाही.

आणि बिलाला नंबर लागत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने किरकोळ विक्रेत्यांना तसं बजावलंही होतं. इथे नंबर न देता बिल घेणारे किती? हात वर करा... चार. बरं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय भरभर सांगतो.

आपल्याला वाटतं, माहिती भारतात ठेवली की ती आपली झाली. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंटची माहिती देशातच ठेवायला लावली, चांगलंच केलं. पण त्याच वर्षी अमेरिकेने क्लाउड कायदा केला. अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती जगात कुठेही ठेवलेली असो, तिथल्या कोर्टाचा आदेश आला की ती द्यावी लागते. म्हणजे सर्व्हर कुठे आहे एवढंच विचारून भागत नाही, त्याच्या मालकाला हुकूम कोण देतं तेही विचारावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये गुजरातेतल्या वाडीनारच्या नायरा रिफायनरीने हे भोगलं. कंपनीत रशियन भागीदारी, म्हणून युरोपीय संघाने निर्बंध लावले. भारताने लावलेले नव्हते. तरी मायक्रोसॉफ्टने ईमेल बंद केले, कंपनीला स्वतःचीच माहिती उघडता येईना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मग सेवा सुरू झाली.

आपला २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा म्हणतो, कामापुरतीच माहिती मागा. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. पण त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये सरकारला स्वतःच्याच यंत्रणा या कायद्यातून वगळायची मुभा आहे. परदेशी कंपनीबद्दल मी जे बोललो, की हुकूम कोण देतं ते विचारा, ते मला इथेही तितकंच लागू वाटतं. त्यावर सविस्तर बोलायचं होतं, आता प्रश्नोत्तरांत घेऊ. हं, मागच्या रांगेतल्या ताई, विचारा.